भांडवलशाही नको तर मग काय, आणि सत्ता कुणाच्या हातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मीटिंगमध्ये येतात, टपरीवर येतात, व्हॉट्सॲपवर येतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना आले होते. दरवेळी तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत, कुठल्या पक्षाची नाहीत. लांबलंय बरंच, तुमचा प्रश्न असेल तिथे थेट उडी मारा.

भांडवलशाही म्हणजे बाजारच ना? मग काय बाजार बंद करायचा का?

नाही हो. आठवडी बाजार शेकडो वर्षं भरतोय, पेठा वसल्या, उठल्या, परत वसल्या, तेव्हा काय भांडवलशाही नव्हती. नुसती खरेदी-विक्री म्हणजे भांडवलशाही धरली तर कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेली आजीपण भांडवलदार झाली. मुद्दा असा आहे की कारखाना, जमीन, मशिनं, पैसा हे मोजक्या लोकांच्या मालकीचं आणि बाकीच्यांकडे विकायला फक्त स्वतःची मेहनत, आणि मग काय बनवायचं, किती माणसं ठेवायची, टाळं कधी लावायचं हे सगळं मालकी ज्याची तोच ठरवणार.

मुंबईचं गिरणगाव बघा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, संप काही जिंकला नाही. पण त्यानंतरचं जास्त बघण्यासारखं आहे. गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं तर १९९१ च्या विकास नियमावलीत तीन वाटे ठरले, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची करायची असं झालं, बांधकाम असलेली जागा हिशोबातनं बाहेर. आता गिरणीत मोकळी जागा असते किती? झालं, पालिका आणि म्हाडाच्या हातात तुकडे आले, बाकीच्यावर टॉवर आणि मॉल. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या त्या खात्यांमध्ये खपल्या त्यांना गिरणी बंद करताना कुणी विचारलं नाही, जमीन वाटतानापण विचारलं नाही. मला भांडवलशाहीतलं खटकतं ते मुख्यतः हे. कुणी श्रीमंत झाला म्हणून पोटात दुखायचं कारण नाही, पण आपल्या जगण्यावर परिणाम करणारा निर्णय होतो आणि त्या खोलीत आपण नसतो, ते दुखतं.

म्हणजे तुम्ही कम्युनिस्ट?

नाही. पुढचा प्रश्न वाचा म्हणजे कळेल का नाही.

हे सगळं रशियात करून झालं ना? काय झालं शेवटी?

हा प्रश्न विचारणाऱ्याला टाळायचं नाही, बरोबर प्रश्न आहे. पण "समाजवाद फेल गेला" एवढ्यावर थांबलं तर त्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही, नक्की कुठे फसलं ते बघायला पाहिजे.

सोव्हिएत म्हणजे मुळात कामगारांनी निवडलेली पंचायत, १९०५ मध्ये पीटर्सबर्गला संपातून उभी राहिलेली, वरून कुणी स्थापन केलेली नव्हती. १९१७ मध्ये त्या सगळीकडे झाल्या, सैनिकांच्या झाल्या, कारखान्यांमध्ये समित्या झाल्या, प्रतिनिधी पटला नाही तर परत बोलवायची सोय होती. क्रांती झाली ती "सगळी सत्ता सोव्हिएतांना" या घोषणेवर. आणि मग काय, जानेवारी १९१८ ला निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीत गुंडाळली, त्याच वर्षी कारखान्यात समितीऐवजी एकाच व्यवस्थापकाचा हुकूम चालावा असं लेनिननं मांडायला सुरुवात केली, यादवी युद्ध होतं, उपासमार होती, कारणं खरीखुरी होती हे मान्य. पण मार्च १९२१ ला क्रोनश्टाटच्या खलाशांनी, जे क्रांतीत सगळ्यात पुढे होते, मागणी केली की सोव्हिएतांच्या निवडणुका परत घ्या आणि गुप्त मतदानानं घ्या, तर त्यांच्यावर फौज पाठवली. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या काँग्रेसमध्ये पक्षाच्या आत गट करायलाही बंदी आली. म्हणजे आधी दुसरे पक्ष गेले, मग आपल्याच पक्षातले मतभेद गेले, उरलं ऑफिस. स्टॅलिन आला तोवर मैदान साफ होतं.

खाजगी मालकी गेली म्हणून कामगाराच्या हातात काही आलं नाही, कारण मालकाच्या खुर्चीत सरकारी साहेब बसला आणि त्याला उठवायची सोयच ठेवली नव्हती. मालक निदान वेगवेगळे तरी असतात, एकाकडनं दुसऱ्याकडे जाता येतं. सगळा देशच एक मालक झाला तर राजीनामा देऊन जाणार कुठे?

मग सरकारही नको आणि मालकही नको, कामगारच चालवतील, असं कुठे झालंय का?

झालंय. युगोस्लाव्हिया. आपल्याकडे लोकांना तो देश माहिती आहे तो तिथला नेता टिटो आणि नेहरूंच्या फोटोमुळे, पण त्यांचा प्रयोग त्याहून खूप इंटरेस्टिंग होता. १९४८ ला टिटोचं स्टॅलिनशी फाटलं, आता आम्ही तुमच्यापेक्षा वेगळे कसे हे दाखवायला लागत होतं, आणि १९५० ला कायदा केला की कारखान्यात कामगार परिषद निवडायची आणि कारभार तिच्याकडे. पंचवार्षिक योजनेचा वरून येणारा कडक हुकूम सैल केला, कारखाने बाजारात एकमेकांशी स्पर्धा करायचे, फायदा कसा वाटायचा हे परिषद ठरवायची. बरीच वर्षं हे चांगलं चाललं, वाढीचा वेग चांगला होता, लोक परदेशात मोकळेपणी जायचे.

मग अडचणी आल्या आणि त्या मजेशीर होत्या, म्हणजे भोगणाऱ्याला नाही, अभ्यास करणाऱ्याला. फायदा झाला की आतले कामगार पगारवाढ घ्यायचे, नवीन माणूस घेतला तर वाटेकरी वाढतो, मग घ्यायचा कशाला? त्यामुळे समाजवादी देशात बेकारी आणि लाखो लोक जर्मनीत मजुरीला. श्रीमंत स्लोव्हेनिया आणि गरीब कोसोवो यातली दरी कित्येक पट राहिली, कारण चांगल्या कारखान्याच्या कामगारानं दुसऱ्या प्रांतातल्या बेकाराची काळजी करावी असं सिस्टीममध्ये काही नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे कारखान्यात लोकशाही पण देशात एकच पक्ष. डायरेक्टर कोण होणार यात पक्षाची कमिटी फोन करायचीच. ऐंशीच्या दशकात परदेशी कर्ज अंगावर आलं, महागाई आकाशाला भिडली आणि पुढचं तर माहितीच आहे, रक्तपात.

यातला एक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे: दाराच्या आतले सगळे समान, पण दाराबाहेर कोण उभंय?

आपल्याकडे सहकार आहेच की! साखर कारखाने म्हणजे शेतकऱ्यांचा समाजवादच ना?

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण हा आपला घरचा प्रयोग आहे आणि त्याच्याबद्दल एक तर आरत्या ओवाळतात नाहीतर शिव्या घालतात.

लोणीला, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले, धनंजयराव गाडगीळ चेअरमन झाले, म्हणजे अर्थशास्त्राचा मोठा अभ्यासक आणि खेड्यातला शेतकरी एका टेबलावर. १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम. त्याआधी कारखाने खाजगी होते, शेतकऱ्याचा ऊस ते म्हणतील त्या भावानं जायचा. हे बदललं, आणि हे छोटं काम नव्हतं. एक मेंबर एक मत, तुमचा शेअर कितीही असो. कारखान्याबरोबर रस्ते आले, शाळा आल्या, दवाखाने आले, इंजिनिअरिंग कॉलेजं आली. ज्यांचे आजोबा सावकाराच्या ओसरीवर उभे राहायचे ते बोर्डात बसले. हे विसरून सहकारावर बोलणारा माणूस शहरातला असतो, माफ करा.

आता दुसरी बाजू. मेंबर कोण? ऊस लावणारा. ऊस कोण लावतो? ज्याच्याकडे जमीन आहे आणि पाणी आहे तो. म्हणजे दुष्काळी पट्ट्यातला कोरडवाहू वाला आधीच बाहेर. आणि तो ऊस तोडतं कोण? बीड, नगरच्या डोंगराळ भागातून, आणखीन कुठनं कुठनं दिवाळीच्या सुमारास निघालेली माणसं. त्यांची मोजणी कशी होते माहितीये? एक "कोयता". एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हजेरीपण एक आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तीपण एकच, ती मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. पहाटे फडात, तो तोडतो ती मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, रात्री पालावर परत जाऊन स्वयंपाक. हंगाम संपेस्तोवर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. त्यांचा करार मुकादमाशी, मुकादमाचा तोडणी-वाहतुकीवाल्यांशी, त्यामुळे कारखान्याच्या पटावर ती बाई कामगार म्हणून नसते, मेंबर म्हणून तर नसतेच. साखरेच्या प्रत्येक पोत्यात तिचा हात आहे आणि वार्षिक सभेत तिच्यासाठी खुर्ची नाही, उभं राहायला जागापण नाही.

आणि जे मेंबर आहेत त्यांचं तरी काय, तुमचा ऊस कधी तोडायचा याचा प्रोग्रॅम कारखान्याच्या हातात आहे. उभा ऊस वाळतोय आणि टोळी येत नाही, अशा वेळी पॅनलच्या विरोधात हात वर करायला किती जणांची छाती होते? कागदावर एक मेंबर एक मत, पण तोडणीची चिठ्ठी ज्याच्या खिशात त्याचं मत जरा जास्त जड. वरून कर्जाची हमी सरकारची, भागभांडवल सरकारचं, म्हणून चेअरमनची पुढची पायरी विधानसभा, आणि आमदार झाला की कारखाना अजून घट्ट. बरेच कारखाने कर्जात बुडाले, लिलावात गेले, खाजगी झाले, मेंबरांच्या शेअरचं काय झालं ते मेंबरांना विचारा.

तर, समाजवाद होता का? मालकीच्या बाबतीत अर्धा तरी होता. सत्तेच्या वाटणीत, पहिली दहा-वीस वर्षं सोडली तर, मला नाही वाटत.

कमानी ट्यूब्सचं काय प्रकरण होतं? कुणीतरी बोलताना ऐकलं.

कुर्ल्याची कंपनी. मालक घराण्यात भांडणं, कंपनी बंद, आणि कामगारांनी म्हटलं आम्ही चालवतो. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८८ ला कोर्टानं कामगारांच्या सहकारी संस्थेला कंपनी ताब्यात घेऊ दिली, देशात अशी पहिलीच मोठी केस. कामगारांनी स्वतःची पुंजी घातली त्यात. सुरुवातीला चाललीपण, मग नव्वदच्या दशकात परत अडचणीत आली. खेळतं भांडवल कुठून आणायचं हा प्रश्न सगळीकडे असतो, बँका कामगारांच्या संस्थेकडे बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच भाव असतो.

स्पेनच्या बास्क भागातल्या मॉन्ड्रॅगॉननं नेमकी हीच खुंटी आधी ठोकली. अरिझमेंदिअरिएता नावाचे पाद्री होते, त्यांनी आधी टेक्निकल शाळा काढली, मग १९५६ ला त्यांच्या पाच विद्यार्थ्यांनी कारखाना काढला, आणि १९५९ ला स्वतःची बँक. बँक! म्हणून ते टिकले आणि सत्तर-ऐंशी हजार लोकांना काम देण्याइतके वाढले. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या पगारात साधारण एकास सहाच्या आसपास फरक, मॅनेजरला कामगार नेमतात. २०१३ ला त्यांची घरगुती उपकरणं बनवणारी फागोर बुडाली तेव्हा बऱ्याच मेंबरांना दुसऱ्या संस्थांमध्ये सामावून घेतलं, रस्त्यावर टाकलं नाही. पण परदेशात त्यांचे जे कारखाने आहेत तिथले बहुतेक कामगार मेंबर नाहीत, नुसते पगारी. दाराबाहेर कोण उभंय, परत तेच.

लांब जायचं नसेल तर केरळातली ऊरालुंगल सोसायटी बघा, १९२५ पासून मजुरांची संस्था, रस्ते आणि पूल बांधते. आणि पुण्यातली स्वच्छ, कचरा वेचकांची सहकारी संस्था, २००८ पासून. तिथे मेंबर कोण, तर जी बाई दारावर येऊन कचरा नेते तीच.

बाबासाहेबांचं यावर काय म्हणणं होतं? ते तर भांडवलशाहीच्या बाजूचे होते असं एकानं सांगितलं.

ज्यानं सांगितलं त्याला १९४७ चं निवेदन वाचायला द्या, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी लिहिलेलं. त्यात स्पष्ट आहे: मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याचा, शेती हा राज्याचा उद्योग, जमीन गावातल्या लोकांना जातपात न बघता सामूहिक कसायला द्यायची, म्हणजे जमीनदारही नको, कूळही नको, भूमिहीन मजूरही नको. त्याच्याही आधी १९३७ ला खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, मोडायचं विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात आणलं होतं, कोकणातल्या लोकांना तरी हे सांगायला नको.

पण खरी गंमत पुढे आहे. हे सगळं त्यांना घटनेतच लिहून हवं होतं, साध्या कायद्यानं नको होतं. का? कारण संसदेतलं आजचं बहुमत उद्या बदलतं, आणि दुसरीकडे हुकूमशाहीनं आणलेला समाजवाद त्यांना चालणार नव्हता. म्हणजे मालकी राज्याची पण निवडणूक, कोर्ट, मूलभूत हक्क सगळं शाबूत. रशियात जी गोष्ट सुटली ती त्यांनी आधीच हेरली होती. घटनेत ते तसं आलं नाही, काही भाग मार्गदर्शक तत्त्वांमध्ये (जी कोर्टात मागता येत नाहीत) पातळ होऊन आला. मग २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणात एक माणूस एक मत होईल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात समता नसेल, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना विषमता भोगावी लागते ते हा डोलारा उडवून लावतील.

माझी शंका एवढीच, की राज्याच्या हातात जमीन आणि उद्योग दोन्ही गेले तर तलाठ्यापासून सेक्रेटरीपर्यंतच्या साखळीला आवरणार कोण? आपण सातबाऱ्यासाठी किती चकरा मारतो आठवा.

मग गांधी-विनोबांचं ग्रामस्वराज्य? सत्ता गावाला द्या, प्रश्न मिटला.

गाव म्हणजे कुणाचं गाव? गावकुसाच्या आतल्यांचं की बाहेरच्यांचं? ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब घटना समितीत म्हणालेच होते की खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे, घटनेचं एकक व्यक्ती पाहिजे, गाव नको. ज्यांना वेगळ्या पाणवठ्यावर जायला लागलं त्यांनी "सत्ता गावाला" ऐकून टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा करू नका.

तरीपण मी ग्रामसभेच्या बाजूचा आहे आणि त्याचं कारण मेंढा-लेखा. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं ऐकली असतील. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. ऐकायला बंडखोर वाटते पण नीट वाचा, दिल्लीचं सरकारपण आमचंच म्हणतायत, फक्त गावातलं काम गाव करेल. निर्णय सर्वसहमतीनं, बहुमतानं नाही, बायकांसकट सगळे बसतात, आणि ग्रामसभेशिवाय अभ्यास गट वेगळा, तिथे निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं, बाहेरचा जाणकार आला तर त्याला तिथे बसवायचं. ही वेगळी चूल मला फार हुशारीची वाटते, कारण आपल्याकडे मीटिंगमध्ये ज्याला माहिती जास्त तोच निर्णयपण उरकून टाकतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २००९ ला. कागद मिळाला, पण बांबू विकायला निघाले तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात, आणि खातं म्हणे बांबू तुमचा असला तरी नेता येणार नाही. दोन वर्षं हे चाललं. शेवटी एप्रिल २०११ ला केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. मालकी मिळून अडलं होतं कशावर? एका पावती पुस्तकावर. सत्ता कुठे बसलेली असते हे बघायचं असेल तर अशा जागी बघा. त्यानंतर बांबूच्या पैशाचा हिशोब ग्रामसभा ठेवते.

आता हेपण सांगतो, मेंढ्यात बहुतेक एकच समाज आहे, जमिनीत फार तफावत नाही. हे जसंच्या तसं पश्चिम महाराष्ट्रातल्या चार-पाच हजार वस्तीच्या गावात लावलं तर सर्वसहमतीच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवणं सोपं आहे. "सगळ्यांचं एकमत झालंय" हे वाक्य कोण म्हणतंय ते आधी बघायचं.

पत्री सरकारला यात धरायचं का?

धरायला पाहिजे आणि कुणी धरत नाही. १९४३ पासून साधारण तीन वर्षं सातारा-सांगली पट्ट्यात इंग्रजांचं राज्य नावापुरतं होतं, क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा, जी. डी. बापू लाड, यांचं प्रतिसरकार गावातली भांडणं मिटवायचं, न्यायदान मंडळं होती, सावकारांना वेसण होती. आपण त्यातली रेल्वे लूट आणि पायाला पत्रे मारल्याच्या गोष्टी सांगतो, पण न्यायदान मंडळं जास्त महत्त्वाची. शिक्षा जरा अघोरी होत्या आणि त्याविरुद्ध अपील कुठे करायचं, हा प्रश्न राहतोच.

कामगारांचे दोन प्रतिनिधी बोर्डावर घेतले की झालं ना? एवढी क्रांती कशाला?

जर्मनीत केलंय. १९७६ च्या कायद्यानं दोन हजारांपेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या, फक्त मतं समसमान पडली तर अध्यक्षाला जादा मत आणि अध्यक्ष भागधारकांचा. म्हणजे निम्म्याला किंचित कमी. तरी त्यामुळे कामगार कपात करायच्या आधी बोलणी करायला लागतात, हे काही कमी नाही.

स्वीडननं त्याच्या पुढे जायचा विचार केला. रुडॉल्फ माइडनर, युनियनचे अर्थतज्ज्ञ, त्यांची योजना अशी की मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी फायद्यातला काही भाग नव्या शेअरच्या रूपात कामगारांच्या फंडात द्यायचा, हळूहळू मालकीच सरकेल, गोळीबार नाही, जप्ती नाही. १९७६ ला युनियननं मंजूर केली, उद्योगपतींनी रस्त्यावर मोर्चे काढले (हो, उद्योगपतींनी), १९८३ ला पार पाणी घातलेला फंड आला आणि नव्वदच्या सुरुवातीला नवीन सरकारनं तोही गुंडाळला. पूर्ण योजना राबवलीच नाही त्यामुळे चालली असती का हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण माझ्या मते कागदावरची सगळ्यात डोकेबाज योजना तीच.

आणि आपल्याकडे? घटनेत कलम ४३ क आहे, ४२ व्या दुरुस्तीनं १९७६ ला आलेलं, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शन चालू आहे.

सामान्य माणसाला बजेट कळतं का? उगाच सगळ्यांना विचारत बसायचं.

ब्राझीलमधलं पोर्तो अलेग्रे, १९८९ पासून शहराच्या बजेटमधला नवीन कामांचा पैसा कुठे घालायचा हे वस्त्या-वस्त्यांच्या सभा ठरवायला लागल्या. लोकांनी काय मागितलं? पुतळे नाही मागितले, गटारं मागितली, पाण्याची लाईन, रस्ता. पुढे तिथलं सरकार बदललं, पैसा आटत गेला, लोकांचा रस गेला, २०१७ ला थांबवलं. केरळानं १९९६ ला योजना निधीतले ३५ ते ४० टक्के सरळ स्थानिक संस्थांना दिले, आणि ते जास्त टिकलं, कारण पैसा नक्की किती येणार हे आधी माहिती होतं.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवता येतात. चांगलं आहे, पण सुचवणं आणि ठरवणं यात फरक आहे, बहुतेक सूचना फूटपाथ, बाकडी आणि दिव्यांच्या असतात, आणि फॉर्म भरणारा माणूस साधारण कुठल्या सोसायटीत राहतो हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

महिला आरक्षणानं काय फरक पडला? नवराच कारभार बघतो.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा बायकांना आहेत. सरपंचपती हा प्रकार आहेच, झेंडावंदनालापण तोच पुढे. पण दुसऱ्या-तिसऱ्या टर्मला बाई स्वतः बीडीओशी वाद घालते हेपण मी बघितलंय. उत्तर सीरियातल्या कुर्द भागात, रोजावात, २०१२ नंतर महत्त्वाच्या पदांवर एक बाई एक पुरुष असे दोन सहअध्यक्ष ठेवायची पद्धत आली. युद्धातल्या जागेचं उदाहरण जपून घ्यायला पाहिजे पण ही कल्पना आपल्या पतसंस्थेतसुद्धा उद्या लावता येईल, त्याला काही क्रांती लागत नाही.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी म्हणायचे लुटारू सरकारच आहे. मग तुम्ही परत सरकारकडेच का बघता?

"भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणत १९८० ला चाकणला कांद्याच्या आंदोलनात शेतकरी रस्त्यावर बसला तो व्यापाऱ्याइतकाच सरकारच्या विरोधात. निर्यातबंदी, लेव्ही (सरकारची सक्तीची खरेदी), झोनबंदी (माल ठरलेल्या भागाबाहेर न्यायला बंदी), हे सगळं गरिबांच्या नावानं आणि भाव पाडला शेतकऱ्याचा. यात त्यांचं बरोबर होतं आणि डाव्यांनी हे प्रामाणिकपणे ऐकलं नाही. फक्त सरकार बाजूला झाल्यावर शेतकरी ज्याच्यासमोर उभा राहतो तो आजकाल मोंढ्यातला व्यापारी नसतो, कंपनी असते, आणि तिला घेराव घालायला ऑफिस कुठे आहे तेच सापडत नाही.

नेता लागतोच ना शेवटी? सगळेच ठरवायला लागले तर काम कधी होणार?

लागतो. संपात, पुरात, भूकंपात पटकन हुकूम देणारा माणूस लागतो. प्रश्न आहे त्याला परत खाली बसवायचं कसं. मेक्सिकोच्या चियापासमधले झापाटिस्ता, १ जानेवारी १९९४ ला उठले होते ते, कारभाराची जबाबदारी आळीपाळीनं फिरवतात, पगार नाही, पाळी संपली की परत मक्याच्या शेतात. त्यानं कामात गचाळपणा येतो, नवीन माणूस शिकेपर्यंत पाळी संपते, हे ते स्वतःच सांगतात आणि २०२३ ला त्यांनी जुनी रचना मोडून सत्ता अजून खाली नेली. आपल्याकडे थेट सरपंच, म्हणजे सरळ गावानं निवडलेला, २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. दरवेळी ठरवलं मुंबईनं, ग्रामसभेला कुणी विचारलं?

बरं, तुमचं स्वतःचं मत काय? फिरवून फिरवून सांगू नका.

एकच नाव सांगा म्हणाल तर नाही सांगणार. रेल्वे, वीज, पाणी, दवाखाना, बँकांचा मोठा भाग सार्वजनिक हातात पाहिजे, पण हिशोब उघडा. कारखाने, सेवा, डिलिव्हरीची ॲपं, ही काम करणाऱ्यांच्या सहकारी संस्थांनी चालवावीत आणि त्यांना भांडवल देणारी त्यांचीच बँक पाहिजे. किराणा, हॉटेल, शिंपी, गॅरेज, यांच्यात कुणी नाक खुपसू नये. बाजार राहील. निवडणुका, कोर्ट, पेपर आणि विरोधी पक्ष तर राहिलेच पाहिजेत, यावर तडजोड नाही. आणि कुठलीही नवी व्यवस्था कुणी घेऊन आला तर मी त्याला तीन गोष्टी विचारतो: मेंबर कोण, वही कुणाला बघता येते, आणि खुर्चीवरच्याला कसं उठवायचं. ऊसतोड बाई मेंबर नसेल तर मालकी सरकारची असो, शेतकऱ्यांची असो की टाटा-बिर्लांची, तिच्या दिवसात फारसा फरक पडत नाही.

ठीक आहे, पण मी आत्ता काय करू? मला क्रांतीला रजा मिळणार नाही.

तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर तुमची हौसिंग सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली बहुतेक रजिस्टर झालेली असणार, म्हणजे तुम्ही आत्ताच एका सहकारी संस्थेचे मालक आहात, कळलं का? वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते. गावात असाल तर ग्रामसभा, बहुतेक ठिकाणी १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीच्या आसपास. तिथे जा, नुसती सही करून चहा पिऊन येऊ नका. सोसायटीत मेंबरला हिशोबपत्रकं आणि स्वतःच्या व्यवहारांचे कागद बघायचा हक्क आहे. सेक्रेटरी म्हणेल नंतर बघू, वहिनींचं ऑपरेशन आहे, ऑडिटरकडे फाईल गेलीये. चिडू नका, अर्ज लेखी द्या, दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. आणि हो, वॉचमन आणि झाडूवाल्या मावशींना पगार किती देतो आणि सुट्टी किती, ते त्याच सभेत विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा, "आयत्या वेळचे विषय" मध्ये नको, तोपर्यंत सगळे उठून गेलेले असतात.